चौदा महिन्यांच्या मुलाला जुलाब : ओआरएस पोटात टिकत नाही

प्रश्न : माझ्या १४ महिन्यांच्या मुलाला काल सकाळपासून पाण्यासारखे सात-आठ जुलाब झाले असून दोनदा उलटीही झाली आहे. सासूबाईंच्या मते दात येताना असे होतेच आणि पोटाला आराम मिळावा म्हणून दूध बंद करावे; शेजारी सलाईन लावून आणायला सांगतात. वाटीभर ओआरएस पाजले, तर तो सगळे ओकून टाकतो. काय करावे?

प्रतिसाद १ : ताई, अंगावरचे दूध मुळीच तोडू नका, मऊ भात, वरण, केळेही खाईल तेवढे द्या. वाटीभर एकदम पाजल्यामुळे ते उलटत असावे. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्या. ओआरएसचे पाकीट थोडे थोडे वापरू नका. त्यावर लिहिलेल्या पाण्यात, म्हणजे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, सगळे एकदम विरघळवा, कारण ग्लुकोजच्या जोडीने मीठ आतड्यात शोषले जाते, त्यामागून पाणी जाते, आणि प्रमाण चुकले की हा मेळ बिघडतो. माझ्या मुलीला मी रात्रभर मांडीवर घेऊन असेच चमच्याने पाजले होते. पहाटे लंगोट ओला लागला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

प्रतिसाद २ : दात येण्याने असे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. याच वयात मूल रांगते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. सलाईनविषयी सांगायचे, तर १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी, म्हणजे ओआरएसच, पाजायला लावून असंख्य जीव वाचवले. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मात्र बाळाला कदापि देऊ नका. डॉक्टरांना झिंकबद्दल, म्हणजे जस्ताच्या औषधाबद्दल, विचारा; या वयात रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस देतात.

प्रतिसाद ३ : शीमध्ये रक्त दिसले, सहा तासांत शू झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू आले नाहीत, मूल मलूल पडले किंवा चमचाभरही पोटात टिकेना, तर घरी थांबू नका, त्या वेळी सलाईनच लागू शकते.

प्रश्नकर्ती : दुपारपासून चमच्याने देत आहे. अजून उलटी झालेली नाही, आणि आत्ताच त्याने शू केली. झिंकसाठी संध्याकाळी डॉक्टरांकडे जात आहोत.