मदत हवी आहे: गाडीचं फ्युएल इंजेक्शन काढलं, कार्ब्युरेटर लावले, आता पेट्रोल वाहतंय. पंप कुठला लावू?

किंग्जसर्कल: इंजेक्शन काढून वेबर कार्ब्युरेटर बसवलेत. पंप जुनाच ठेवलाय. चावी फिरवली की दोन्ही कार्ब्युरेटरांतून पेट्रोल बदाबदा खाली. दाब कमी करणारा डायलवाला रेग्युलेटर आणून लावला, ढिम्म फरक नाही. गाडी तीन आठवडे गॅरेजात पडून आहे आणि पुढच्या रविवारी भाच्याच्या वरातीला न्यायचीय. कुठला पंप, कुठला रेग्युलेटर, एवढंच सांगा. इंजेक्शन का काढलं यावर प्रवचन नको.

लोअरपरळ_लेथ: गाडी कुठली?

किंग्जसर्कल: मर्सिडीज. जुनी.

लोअरपरळ_लेथ: १९५७ ची पण जुनीच. मॉडेल लिहा हो, आम्ही काय पत्रिका मांडून ओळखायचं?

किंग्जसर्कल: डब्ल्यू १२३, २३० ई, १९८३. मामांनी आखातातून आणलेली. कार्ब्युरेटर दोन, ४० डीसीओई.

बोनेटखाली: म्हणजे के-जेट्रॉनिक इंजेक्शन. तरीच! त्या सिस्टिमचा दाब साधारण ५ बार, म्हणजे सत्तरीच्या पुढे पीएसआय. वेबरला लागतात तीन, फार तर साडेतीन पीएसआय. कार्ब्युरेटरातल्या फ्लोटची (तरंगत्या डबीची) ती एवढीशी सुई काय थोपवणार? आणि तुमचा डायलवाला रेग्युलेटर कमी दाबाच्या पंपापुढे लावायचा असतो. इथे तो नावालाच. आधी बॅटरीची वायर काढा. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल पडलं तर वरात अग्निशमन दलाची निघेल.

फुलथ्रॉटल_ठाणे: थोडा दाब जास्तच ठेवा, वरच्या आरपीएमला ताकद मिळते.

बोनेटखाली: नाही मिळत. कार्ब्युरेटरच्या वाडग्यात पेट्रोलची पातळी बरोबर असली की दाबाचं काम संपलं. पुढे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, ठरवतात. जास्त दाबाने फक्त पातळी चढते आणि गाडी काळा धूर ओकते.

के_जेट_भक्त: मुळात काढायचंच नव्हतं. के-जेट यांत्रिक आहे, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. गेज लावून कंट्रोल प्रेशर मोजलं असतं तर बहुतेक गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळवून देणारा वॉर्म-अप रेग्युलेटरच दोषी निघाला असता.

किंग्जसर्कल: आलं प्रवचन.

लोअरपरळ_लेथ: दोन मार्ग आहेत. जुना पंप ठेवायचाच असेल तर बायपास रेग्युलेटर हवा, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत पाठवणारा. त्याला परतीची नळी लागते, ती तुमच्या गाडीला मुळातच आहे. शाबूत आहे ना?

किंग्जसर्कल: मेकॅनिक म्हणाला कार्ब्युरेटरला तिचं काम नाही. ठोकून बंद केलीय.

लोअरपरळ_लेथ: 🙏

टॅक्सीवाले_काका: पद्मिनीला कॅमवर चालणारा पंप होता, वायर नाही, रिले नाही. घाटात गरम होऊन गाडी बसली की ओलं फडकं टाकायचं त्याच्यावर, दहा मिनिटांत चालू. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या टॅक्सीही गेल्या. तसाच पंप लाव की.

लोअरपरळ_लेथ: काका, त्याला इंजिनाच्या आत एक्सेंट्रिक (पंप ढकलणारं वाकडं चाक) लागतं. बाहेर नुसतं पंपासारखं झाकण दिसलं म्हणून भागत नाही. मी तरी दुसरा मार्ग घेईन: कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप, कमाल ४ पीएसआयचा. बसवायचा मात्र टाकीजवळ, खाली. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात आळशी. जुना पंप मागच्या एक्सलजवळ आहे, तीच जागा वापरा. शेजारचा, इंजेक्शनसाठी दाब धरून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर काढून टाका. पंपाच्या आधी फिल्टर.

घाटकोपर_गॅस: सीएनजी किट बसवा, सगळी कटकटच संपेल.

बोनेटखाली: आणि पंप चालू कशावरून होतो आत्ता? मूळ रिले आहे का?

किंग्जसर्कल: थेट इग्निशनवर जोडलाय. रिले काढला.

बोनेटखाली: तो आधी परत लावा. इंजिन बंद पडून इग्निशनचे पल्स थांबले की तो पंप बंद करतो. थेट जोडलात तर अपघातात गाडी उलटली तरी पंप इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहील. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण पंपापेक्षा महत्त्वाचं आहे.

सायनचा_सिग्नल: नळ्याही बदला. आता पेट्रोल पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं, जुनं रबर आतून सुटून जेटमध्ये अडकतं.

किंग्जसर्कल: अपडेट. ऑपेरा हाउसला कमी दाबाचा पंप मिळाला, एक्सलजवळ रबरावर बसवला, रिले परत. वाहणं थांबलं! टकटक आवाज येतो पण चालेल. फक्त काल दादर टीटीच्या सिग्नलला दहा मिनिटं अडकलो तर घुसमटून बंद पडली. परत रेग्युलेटर लावू का?

फुलथ्रॉटल_ठाणे: दाब कमी पडतोय. सांगितलं होतं.

सायनचा_सिग्नल: नाही हो, नळीत वाफ होतेय. उभ्या गाडीत पेट्रोल एक्झॉस्टच्या बाजूने कासवासारखं सरकतं आणि तापतं. ती ठोकलेली परतीची नळी उघडा. दुसऱ्या कार्ब्युरेटरच्या अलीकडे टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिला जोडा, परतीच्या तोंडाशी दीड मिलीमीटरचं भोक ठेवा. पेट्रोल फिरतं राहतं, वाफ टाकीत जाते.

लोअरपरळ_लेथ: कमी दाबाच्या पंपाला परतीची गरज नसते. नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, पुरे.

सायनचा_सिग्नल: पुस्तकात नसते. मे महिन्यात एसी लावून सायनला उभे राहा, मग सांगा.

किंग्जसर्कल: दोन्ही करतो. शुक्रवारी कळवतो.

के_जेट_भक्त: काढलेला फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि वॉर्म-अप रेग्युलेटर भंगारात दिले नाहीत ना? माझ्या २३० ई ला हवेत. किंमत व्यनि करा.