फाइनाइट एलिमेंट मॉडेलची मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली की वेल्डपाशी स्ट्रेस वाढतच जातो. खरा कोणता धरायचा?

हल_डिझाइन: जहाजाच्या डेकच्या लाँजिट्यूडिनलवरच्या (लांबीच्या दिशेतल्या आधारपट्टीवरच्या) ब्रॅकेटचं फटीग (वारंवार येणाऱ्या भाराने भेग पडणं) तपासतोय. प्लेट १६ मिमी. १६ मिमीच्या मेशला ब्रॅकेटच्या टोकाशी स्ट्रेस रेंज २४० मेगापास्कल, ८ ला ३१०, ४ ला ३९५. आमचे सर म्हणतात, आकडा स्थिर होईपर्यंत बारीक करत जा. हा थांबणार कधी?

जॅकेटवाला: थांबणारच नाही. मॉडेलमध्ये तिथे धारदार कोपरा आहे आणि इलॅस्टिक गणितात अशा कोपऱ्यात स्ट्रेस अनंताकडे जातो. तो आकडा वाचूच नकोस.

मेश जाडीएवढीच, १६ बाय १६ ठेव. वेल्डच्या ‘टो’पासून (वेल्डची कड प्लेटला मिळते तिथून) अर्ध्या आणि दीड जाडीवर, म्हणजे ८ आणि २४ मिमीवर, स्ट्रेस घे. वेल्डला काटकोनातला घ्यायचा आणि प्लेटच्या पृष्ठभागावरचा. मधल्या थरातला घेतलास तर बेंडिंगचा भाग निसटतो. मग दोन बिंदूंतून जाणारी रेषा ‘टो’पर्यंत वाढव. समजा १८६ आणि १५० आले: १.५ × १८६ − ०.५ × १५० = २०४. हा हॉट स्पॉट स्ट्रेस, याला डी कर्व्ह (स्ट्रेस रेंजवरून आयुष्य सांगणारा एस-एन कर्व्ह) लाव. ब्रॅकेटचा परिणाम आधीच धरलेला एफ कर्व्ह लावलास तर ब्रॅकेटचा परिणाम दोनदा मोजला जाईल. कर्व्हच्या उतार ३ असलेल्या भागात स्ट्रेस १० टक्के वाढला की आयुष्य पाव हिश्शाने घटतं, त्यामुळे इथे ढिलाई नको.

यार्ड_क्यूसी: वरचं बरोबर, पण ते ‘टो’पुरतं. फिलेट वेल्डच्या (कोपऱ्यातल्या तिकोनी वेल्डच्या) मुळातून निघणारी भेग त्यात दिसत नाही, तिच्यासाठी थ्रोटवरचा (वेल्डच्या सर्वांत कमी जाडीवरचा) स्ट्रेस वेगळा काढावा लागतो. आणि किरकोळ जोडकामही सोडू नकोस. २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात एकोफिस्क क्षेत्रात अलेक्झांडर किलँड हे तरंगतं प्लॅटफॉर्म उलटलं, १२३ माणसं गेली. भेग सुरू झाली ती ब्रेसवर (जोडनळीवर) हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) बसवण्यासाठी केलेल्या ६ मिमी फिलेट वेल्डपासून. ड्रॉइंगवर अशी आउटफिटिंगची वेल्ड दिसली की मी डिझाइनवाल्यांना फोन करतोच.

हल_डिझाइन: शेल मॉडेलमध्ये (प्लेट नुसत्या पृष्ठभागांनी दाखवणाऱ्या) वेल्ड नाहीये. मग ८ मिमी कुठून मोजू?

जॅकेटवाला: ब्रॅकेट जिथे संपतो तिथून. खऱ्या ‘टो’पेक्षा ते जरा आत पडतं, त्यामुळे उत्तर सुरक्षित बाजूला येतं.