बल्ब २८० चा, बंपर उतरवायचे १,८००

शुक्रवार, रात्री

नेहा कुलकर्णी, बी-४०३: कुणाच्या ओळखीत घरी येऊन हेडलाइटचा बल्ब बदलून देणारा मेकॅनिक आहे का? डावा लो बीम गेलाय. चार दिवस ऐरोलीहून रात्री एका डोळ्याने येतेय.

मिलिंद पाटील, डी-२०४: बल्बला मेकॅनिक कशाला? बॉनेट उघडा, मागचं झाकण फिरवा, जुना काढा, नवा घाला. पाच मिनिटं.

नेहा कुलकर्णी, बी-४०३: झाकण दिसलं तर फिरवीन ना. समोर बॅटरी, बाजूला वायपरच्या पाण्याची टाकी, मधल्या फटीत माझं मनगटसुद्धा जात नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला. बल्ब २८०, बंपर उतरवून परत बसवायची मजुरी १,८००, वर जीएसटी. सकाळी द्या, संध्याकाळी न्या म्हणाले.

मिलिंद पाटील, डी-२०४: बल्बसाठी बंपर???

भोसले काकू, ए-१०३: चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला 😄

सावंत काका, ए-६०२: नेहा, कंपनीचं नाव इथे लिहू नकोस. त्या गाडीचे आपल्या पार्किंगमध्ये सहाजण आहेत, गेल्या वर्षी गाडीवरून ग्रुपवर झालं तेवढं पुरे. हेडलाइटच्या मागचा फोटो टाक फक्त.

नेहा कुलकर्णी, बी-४०३: 📷 फोटो

सावंत काका, ए-६०२: बघितला. कमाल आहे. एसटीत ३१ वर्षं काढली मी, खोपट डेपोत निम्मी. रात्रपाळीला मुक्कामी गाड्या यायच्या, बल्ब गेलेले असायचे चार-चार. एक पोऱ्या स्टूल घेऊन फिरायचा आणि चहा यायच्या आत सगळे लावून मोकळा. त्या गाड्या दिसायला सुंदर होत्या असं मी म्हणणार नाही. पण नट दिसला की त्याला पाना लागायचाच. आता नट दिसतो, पाना लागतो, आणि फिरवायला जागा नसते. ते फारच जिवाला लागतं.

अमेय, सी-११०१: शिव्या खायची तयारी ठेवून बोलतो. मी गाड्यांच्या प्लास्टिक पार्टचं डिझाइन करतो, महापेला. लाइनवर गाडी जोडताना आधी उघडा सांगाडा असतो, त्यावर हेडलाइट बसतो. तेव्हा समोर काहीच नसतं, हात आरामात जातो. बंपर सगळ्यात शेवटी चढतो. म्हणजे जोडणाऱ्याला काहीच त्रास नाही. उलट्या क्रमाने काढणाऱ्याला आधी बंपर लागतो.

सावंत काका, ए-६०२: आणि काढणारा कोण, हे कुणी विचारलं नाही.

अमेय, सी-११०१: विचारतात काका, पण शेवटी. लाइनवर एकेका कामाचे सेकंद मोजलेले असतात. क्लिप दाबली की बसली. स्क्रू फिरवत बसायला वेळ जातो. त्यात धडक बसली तर पुढचा भाग चुरगळायला जागा लागते, रस्त्यावरच्या माणसाचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली पोकळी लागते, टर्बो आला, त्याची पाइपं आली. उरलेल्या जागेत बाकीचं कोंबायचं. बल्बवाल्याचा नंबर कितवा येणार?

शिंदे (सेक्रेटरी): सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई, पाणी येणार नाही. तसेच वैयक्तिक विषय कृपया वैयक्तिक मेसेजवर बोलावेत.

मिलिंद पाटील, डी-२०४: शिंदे साहेब, तुमच्या एसीचं काय झालं हो?

शिंदे (सेक्रेटरी): ते विचारू नका. एसीची कॉइल लीक. कॉइल डॅशबोर्डच्या मागे. अख्खा डॅशबोर्ड उतरवला, स्टेअरिंगसकट. सीटवर वायरी अशा पसरल्या होत्या की मला घाम फुटला. एसी थंड झाला, पण तेव्हापासून खड्डा आला की आत कुठेतरी टक-टक वाजतं. तीनदा दाखवलं. त्यांच्यासमोर वाजत नाही.

भोसले काकू, ए-१०३: मग वैयक्तिक विषय कुणाचा झाला? 😂

मिलिंद पाटील, डी-२०४: माझं ऐका. डिझेल घेतली, २०२१ ची, बीएस-६. काजळी पकडायचा फिल्टर असतो सायलेन्सरच्या लाइनमध्ये, डीपीएफ. काजळी साठली की गाडी तो आतल्या आत जाळून साफ करते, पण त्यासाठी एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास तापायला लागतो आणि गाडी एका लयीत पळायला लागते. मी रोज काय करतो? कासारवडवलीहून मानपाडा, पोरांची शाळा, परत. तेवढ्याला चाळीस मिनिटं आणि एकदाही चौथा गिअर पडत नाही. दर दीड महिन्याला पिवळा दिवा. सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉप लावून जबरदस्तीने जाळतो आणि पैसे घेतो. आता मी रविवारी पहाटे पाचला उठून नाशिक रस्त्याने पडघ्यापर्यंत जाऊन येतो. गाडीला हवापालट.

भोसले काकू, ए-१०३: येताना भाजी आणत जा मग. स्वस्त मिळते.

अमेय, सी-११०१: यात डिझाइनची चूक म्हणता येणार नाही मिलिंददादा. घोडबंदर रोडसाठी डिझेल घ्यायलाच नको होती.

मिलिंद पाटील, डी-२०४: विकताना शोरूमवाल्याने विचारलं होतं का, कुठे राहता म्हणून? मायलेज तेवढं सांगितलं.

सावंत काका, ए-६०२: अमेय, एक विचारतो, राग मानू नकोस. कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तो कोपरा, थर्मोस्टॅट बसतो तो, आधी ओतीव ॲल्युमिनियमचा असायचा. आता प्लास्टिकचा का रे? माझ्या जावयाचा कसारा घाटात तडकला. सुट्टीत निघाले होते, बायको-पोरं गाडीत, बॉनेटमधून वाफ. पार्ट हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटत होता.

अमेय, सी-११०१: ते साधं प्लास्टिक नसतं काका. नायलॉनमध्ये काचेचे तंतू घातलेले असतात. हलकं पडतं, गंजत नाही, हवा तो आकार साच्यात एका झटक्यात निघतो. नवीन असताना उत्तम. पण रोज तापायचं, रोज निवायचं, असं आठ-दहा वर्षं झालं की ठिसूळ होतं. त्यात कुणी कुलंटऐवजी नळाचं पाणी भरलं असेल तर रेडिएटरचंही वाटोळं. जावयांनी पाणी भरलं होतं का?

सावंत काका, ए-६०२: (हा मेसेज डिलीट केला आहे)

सावंत काका, ए-६०२: बरं ते जाऊ दे. पण क्लिपांचं समर्थन करू नकोस. त्या क्लिपा शिवरायांच्या मावळ्यांसारख्या आहेत, मोडेन पण वाकणार नाही.

अमेय, सी-११०१: क्लिपांचं समर्थन मीही करत नाही 🙏 थंडीत किंवा जुनी झाल्यावर काढली तर दहातल्या तीन तुटतातच. मी स्वतः गाडी खोलताना पिशवीभर नव्या घेऊन बसतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किलोच्या भावाने मिळाव्यात अशी माझी मागणी आहे.

ॲड. देशमुख, सी-७०२: उशिरा वाचतोय. माझी तक्रार वेगळी. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, बॉल जॉइंट गेला. पूर्वी बॉल जॉइंट सुटा मिळायचा. आता आर्मसकट घ्या. फिल्टर बदलायचा तर पेट्रोल टाकीतल्या पंपासकट घ्या. एलईडी हेडलाइटची एक पट्टी बंद पडली तर अख्खा हेडलाइट घ्या, माझ्या भावाला चाळीस हजारांच्या पुढचं कोटेशन आलंय. आणि सुटे भाग बाहेरच्या गॅरेजला मिळू न देण्यावरून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्यासोबत वाहनंही आहेत.

मिलिंद पाटील, डी-२०४: मग आता मिळतात का बाहेर?

ॲड. देशमुख, सी-७०२: पार्ट बरेचसे मिळतात. तो बसवल्यावर गाडीला ओळख करून द्यायचं सॉफ्टवेअर मिळत नाही. आणि इन्शुरन्समध्ये झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. सगळी गाडी प्लास्टिकची होत चालली आहे, हे लक्षात घेऊन पॉलिसी घ्या.

नेहा कुलकर्णी, बी-४०३: सगळ्यांचं दुःख कळलं. माझा बल्ब?

सावंत काका, ए-६०२: रविवारी सकाळी नऊला पी-१ मध्ये गाडी आण. बंपर नाही उतरवायचा. चाकाच्या आतल्या काळ्या प्लास्टिकमधून हात जातो का बघू. बल्ब येताना घेऊन ये, एच-७, ५५ वॉटचा. जास्त वॉटचा आणू नकोस, होल्डर वितळतो. अमेय, तू क्लिपांची पिशवी घेऊन ये. प्रायश्चित्त समज.

अमेय, सी-११०१: हजर 🫡

रविवार, सकाळी

शिंदे (सेक्रेटरी): पी-१ मध्ये दुरुस्तीचे काम करू नये असा ठराव आहे. (मी खाली येतोय, चहा आणू का?)

नेहा कुलकर्णी, बी-४०३: झालं!! 💡 सविस्तर लिहिते कारण आणखी सहाजणांची हीच गाडी आहे. डावा लाइट असेल तर स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायचं, म्हणजे चाकाच्या पुढच्या बाजूला फट मोठी होते. तिथल्या प्लास्टिकच्या चार क्लिपा काढल्या. मधली पिन आधी उचकटायची, मग क्लिप. मी पहिली सरळ ओढली आणि ती तुटली. काका एक शब्द बोलले नाहीत, फक्त अमेयच्या पिशवीकडे बघितलं. मग प्लास्टिक वाकवून हात आत. रबरी टोपी निघते, आत तारेची स्प्रिंग. ती दिसत नाही, बोटांनी चाचपायची, दाबून बाजूला सारायची. माझा हात लहान म्हणून मलाच घालायला लावला. दोनदा स्प्रिंग निसटली. एकूण ५० मिनिटं.

सावंत काका, ए-६०२: बल्बच्या काचेला बोट लावू द्यायचं नाही, हेही लिही. हाताचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरायचा.

नेहा कुलकर्णी, बी-४०३: हो, रुमालाने धरला. आणि कोपराच्या वर खरचटलंय, त्याचा फोटो टाकत नाही.

अमेय, सी-११०१: एक कबूल करतो. तो लायनर, म्हणजे चाकाच्या आतलं ते काळं प्लास्टिक, आमच्याच कंपनीत बनतो. आज पहिल्यांदा खालून बघितला. तिथे बोटभर मोठं भोक असतं तर काम दहा मिनिटांचं होतं. उद्या ऑफिसात बोलतो, कुणी ऐकेल असं वाटत नाही.

भोसले काकू, ए-१०३: नेहा, कोपराला हळद लाव.

सोमवार, सकाळी

शिंदे (सेक्रेटरी): 📷 फोटो
सफाई कामगाराला पी-२ च्या उतारावर तीन काळ्या क्लिपा आणि एक बोल्ट सापडला. कालच्या कामातला असल्यास ऑफिसातून घेऊन जावा.

सावंत काका, ए-६०२: आमच्या नाहीत. आम्ही चार काढल्या, चार मोजून बसवल्या. बोल्टला तर हातही लावला नाही.

मिलिंद पाटील, डी-२०४: शिंदे साहेब, बोल्टचा फोटो जरा जवळून काढून पाठवा. माझी गाडी शनिवारी सर्व्हिसिंगहून आली आहे आणि कालपासून खाली काहीतरी घासतंय.