अंडी ८१ टक्क्यांनी घटली, मग औषधरोध म्हणायचा का?

तबेल्यातली_पीजी
पदव्युत्तर प्रबंधासाठी घोड्यांतल्या छोट्या स्ट्रॉन्गाइल जंतांचा औषधरोध तपासतेय. एका गटाला फेनबेंडाझोल दिलं, दुसऱ्याला आयव्हरमेक्टिन. औषधाच्या दिवशी आणि १४व्या दिवशी लीद घेऊन मॅकमास्टर काचेवर अंडी मोजली. आयव्हरमेक्टिनच्या गटात नंतर एकही अंडं नाही. फेनबेंडाझोलच्या गटात घट ८१ टक्के. त्यात एक म्हातारी घोडी १५० वरून ५० वर आली, आणि एका घोड्याची अंडी चक्क वाढली! मालक म्हणतात, त्याने पेस्ट थुंकली असणार. मार्गदर्शक म्हणतात, ‘औषधरोध’ लिही आणि मोकळी हो. मला दोन्ही पटेना. आयव्हरमेक्टिनचा गट आता बंद करू का?

जंतपुराण
त्या म्हातारीचंच आधी बघू. तुमचा गुणक ५० दिसतोय, काचेवरचं एक अंडं ग्रॅमभर लिदीत ५० धरलं जातं. म्हणजे १५० म्हणजे काचेवर दिसलेली तीन अंडी, ५० म्हणजे एक. दोन अंड्यांच्या फरकावर ६७ टक्के घट! लिदीचा शेजारचा गोळा उचलला असता तर आकडा निराळा आला असता. म्हणून गुणाकार बाजूला ठेवा, वहीतली प्रत्यक्ष दिसलेली अंडी काढा आणि गटाची बेरीज किती होते ते बघा. डब्ल्यूएएव्हीपी या पशुपरजीवी अभ्यासकांच्या जागतिक संघटनेच्या २०२३ च्या सूचनांचा भरही यावरच आहे. बेरीज तुटपुंजी असेल तर मिनी-फ्लोटॅक हे अंडी मोजायचं जास्त बारीक साधन वापरा, तिथे गुणक ५ वर येतो. निकाल गटाचा द्या, विश्वासमर्यादेसकट (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते). एकेका घोड्याचा नको.

मालकांचं म्हणणं उडवून लावू नका. तोंडात गवत असलं की घोडा पेस्ट सहज बाहेर टाकतो, आणि नजरेने वजन धरलं की मात्रा कमी पडते. पण अख्खा गट काही थुंकत नाही. दाद देणाऱ्या जंतांवर फेनबेंडाझोलने ९९ टक्क्यांच्या आसपास घट व्हायला हवी. बेरीज भक्कम निघाली तर तुमचे मार्गदर्शक बरोबर आहेत (घाई सोडून).

वाढलेल्या घोड्याचा पहिला नमुना उबेत किती वेळ होता? अंडी फुटून अळ्या बाहेर पडल्या की मोजणी कमी भरते, आणि नंतरचा आकडा उगाच फुगलेला वाटतो.

शिंगरूप्रेमी
गटात शिंगरं आहेत का? त्यांच्यातल्या मोठ्या गोल जंतावर, म्हणजे पॅरास्कॅरिसवर, आयव्हरमेक्टिन बऱ्याच ठिकाणी चालेनासं झालंय. त्याची अंडी गोल, तपकिरी, जाड कवचाची असतात. ती स्ट्रॉन्गाइलच्या बेरजेत मिसळू नका.

तबेल्यातली_पीजी
शिंगरं नाहीत, सगळी मोठी जनावरं. नमुन्यांच्या वेळा वहीत आहेत, आज तपासते. आयव्हरमेक्टिनचं राहिलं.

जंतपुराण
बंद करू नका, खरी गंमत तिथेच आहे! १९८० च्या दशकात हे औषध नवं असताना अंडी पुन्हा दिसायला आठ-दहा आठवडे लागायचे. आता कित्येक ठिकाणी पाचव्या आठवड्यातच दिसतात. १४व्या दिवसाच्या शून्यातून हे कळत नाही. चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला त्याच घोड्यांची लीद घ्या. मोठ्या आणि छोट्या स्ट्रॉन्गाइलची अंडी सारखीच दिसतात, तेव्हा थोडी लीद अळ्या वाढवायला ठेवा. त्यावरून जात ओळखता येईल. मोजणीची लीद मात्र हवाबंद पिशवीत, फ्रिजमध्ये.