केळीच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवून नेमके काय साधते?

तापीकाठ :
आमच्या रावेर तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनीपुढे एका सल्लागाराने असा प्रस्ताव ठेवला आहे की, कटाईपासून निर्यातीच्या कंटेनरपर्यंत केळीच्या प्रत्येक खेपेची नोंद ब्लॉकचेनवर करावी, म्हणजे मालाबद्दल कोणाला शंका उरणार नाही. निम्म्या सभासदांना हे बिटकॉइनचेच प्रकरण वाटते आणि मलाही त्यांना फरक समजावून सांगता आलेला नाही. कृपया कोणी सोप्या शब्दांत सांगावे.

सातपुड्याचा :
ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या पानांची (ब्लॉकची) एकमेकांत गुंफलेली साखळी, जिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. बिटकॉइन हे आभासी नाणे तिचा केवळ एक उपयोग आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 मध्ये त्याची मांडणी प्रसिद्ध झाली आणि जानेवारी 2009 मध्ये पहिला ब्लॉक तयार झाला. रोजकीर्दीत आपण प्रत्येक पानाची शिल्लक पुढच्या पानावर ओढतो. येथे शिल्लकेऐवजी आधीच्या संपूर्ण पानाचा ‘हॅश’ पुढे ओढला जातो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण. बिटकॉइनमध्ये वापरली जाणारी एसएचए-256 ही पद्धत मजकूर एक ओळीचा असो वा हजार पानांचा, 64 अक्षर-अंकांचीच खूण देते. ‘400 घड’च्या जागी ‘401 घड’ लिहून पाहा, खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. त्यामुळे जुन्या ब्लॉकमध्ये कोणी खाडाखोड केली, तर त्यापुढचे सर्व हॅश चुकतात. ते सर्व त्याने नव्याने जुळवले, तरी इतर संगणकांवरील प्रतींशी त्याची प्रत जुळत नाही.

नवा ब्लॉक कोणी जोडायचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. बिटकॉइनमध्ये अनोळखी संगणक त्यासाठी गणिताची शर्यत लावतात, साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक जोडला जातो आणि वीज अफाट खर्ची पडते. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर 2022 मध्ये ही पद्धत सोडून ठेवीवर आधारलेली, म्हणजे नाणी ठेव म्हणून अडकवणाऱ्यांना ब्लॉक जोडू देणारी पद्धत स्वीकारली. आपल्यासारख्यांच्या व्यवहारात सर्व पक्ष ओळखीचे असल्याने परवानगीवर चालणारी, म्हणजे ठरलेल्या पक्षांनाच ब्लॉक जोडू देणारी साखळी पुरते, आणि तिला कोणत्याही नाण्याची गरज नसते.

तापीकाठ :
आभारी आहे. मग साखळीत चढलेली नोंद खरीच मानायची का?

यावलकर :
मुळीच नाही. काट्यावर वजन चुकीचे घेतले किंवा पिलबागचा (खोडव्याचा) माल नवती (नव्या लागवडीचा) म्हणून लिहिला, तर साखळी ती खोटी नोंदही तितक्याच इमानाने जपते. लिहिलेले नंतर गुपचूप बदलले गेले नाही, एवढेच ती दाखवते. म्हणून काट्यावर कोण उभा राहणार आणि नोंदीवर शेतकऱ्याची संमती कशी घेणार, हे आधी ठरवावे. सल्लागाराला आणखी एक विचारा : प्रती कोणाकोणाकडे राहणार? सर्व प्रती त्यांच्याच सर्व्हरवर असतील, तर तो साधा डेटाबेसच आहे, फक्त नाव भारदस्त. कंपनी, शीतगृह आणि निर्यातदार यांनी आपापली प्रत स्वतंत्रपणे सांभाळली, तरच या खटाटोपाला अर्थ येतो.

जुना_हिशेबनीस :
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे; केवळ एक स्वस्त पर्याय सुचवतो. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी कागदपत्रांवर हॅशच्या साहाय्याने वेळेचा शिक्का उमटवण्याची कल्पना 1991 मध्येच मांडली होती, आणि पुढे त्यांच्या कंपनीने असे हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापण्यास सुरुवात केली, कारण घरोघरी गेलेला छापील अंक मागाहून कोणालाच बदलता येत नाही. आपणही महिनाअखेर सर्व नोंदींच्या फाइलचा हॅश काढून तो प्रत्येक सभासदाला, निर्यातदाराला व लेखापरीक्षकाला पाठवावा. फाइलमध्ये नंतर एक आकडा जरी फिरवला गेला, तरी कोणीही हॅश पुन्हा काढून ते पकडू शकतो. एवढ्याने काम भागत असेल, तर मोठ्या प्रस्तावावर सही करण्याची घाई करू नये. आणि प्रस्तावात कोठेही नाणे किंवा टोकन विकत घेण्याची अट असेल, तर ते कलम आधी वगळून मागावे. केळीची नोंद ठेवण्यासाठी त्याची आवश्यकता नाही, शिवाय अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर 2022 च्या अर्थसंकल्पापासून 30 टक्के कर आहे.