'जर्नीज एंड'मधला रॅली खरोखरच इतका भाबडा होता का?

शाल्मली:
पहिल्या महायुद्धावरची इंग्रजी नाटके म्हणजे 'भाबड्या पोरांची रडगाणी' असून, हसत रणांगणाकडे निघालेला कोवळा शिपाई ही नाटककारांनी काढलेली पळवाट आहे, असे काल एका नाट्यगटात वाचले आणि गप्प बसवेना. 'जर्नीज एंड' (१९२८) लिहिणारे आर. सी. शेरीफ स्वतः ईस्ट सरे पलटणीत अधिकारी होते आणि १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या लढाईत जखमी झाले होते. शाळेतून खंदकात आलेला त्यांचा रॅली जनरल काकांचा वशिला लावतो तो जीव वाचवण्यासाठी नव्हे, तर शाळेतला हिरो स्टॅनहोप ज्या कंपनीत आहे तिथेच जाता यावे म्हणून. याला पळवाट कसे म्हणायचे?

गिरणगावकर:
ती पोस्ट माझीच. रॅली सुखवस्तू घरातला. त्याच्यावरून साऱ्या फौजेचे मन वाचू नये. १९१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन या गिरणगावात टाळेबंदी होती, सूतगिरण्यांत काम नव्हते. तिथे भरतीच्या रांगेत उभा राहिलेला तरुण भाबडा नव्हता, बेकार होता. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईत, फ्रान्समधल्या सेर गावासमोर तिथल्या भरतीतून उभ्या राहिलेल्या पलटणीतले सुमारे ७०० जण पुढे सरकले आणि अर्ध्या तासात त्यांतले ५८० च्या वर मेले किंवा जखमी झाले. गिरणी बंद पडल्यावर माणूस काय काय पत्करतो हे मी आजोबांच्या रूपाने घरात पाहिले आहे, तेव्हा उत्साहाच्या गोष्टी मला सांगू नयेत.

शाल्मली:
आजोबांविषयी आदर आहे, पण ते ॲक्रिंग्टनचे नव्हते. सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी १९१६ चा. त्याआधी, एकट्या सप्टेंबर १९१४ मध्ये, साडेचार लाखांहून अधिक लोक आपणहून दाखल झाले. ते सगळेच बेकार होते का?

विंगेतला:
मी महाविद्यालयात असताना रॅली केला आहे. 'डोळे विस्फारून हसत राहा' एवढीच दिग्दर्शकांची सूचना होती. हल्ल्याहून परतलेला रॅली एक शब्द न बोलता त्याच हल्ल्यात मेलेला सहकारी अधिकारी ऑस्बर्न याच्या खाटेवर बसतो, ऑस्बर्नने काढून ठेवलेले घड्याळ आणि अंगठी तिथेच असते, आणि 'त्याच्याच खाटेवर बसायला हवे का' असे स्टॅनहोप विचारतो तेव्हा तो धडपडत उठतो. स्पर्धेच्या वेळेत बसत नाही म्हणून आमच्या प्रयोगात हाच प्रवेश कापला गेला! मग उरतो तो भाबडेपणाच.

गिरणगावकर:
म्हणजे दोष कात्रीचा, नाटक मात्र धुतल्या तांदळासारखे?

विंगेतला:
कात्रीचा आणि नटाचाही. विस्फारलेले डोळे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अठरा वर्षांचा मुलगा दाखवायचा म्हणजे बावळट दाखवायचा, असे ठरूनच गेले आहे. रॅली बावळट नाही. हल्ल्यानंतरची मेजवानी चालू असताना तो अधिकाऱ्यांबरोबर न बसता शिपायांबरोबर जेवतो. हे तुम्ही वाचले तरी आहे का?

गिरणगावकर:
वाचले आहे, आणि शिकवणी नको आहे. पीटर व्हेलन यांनी त्याच पलटणीवरच्या 'द ॲक्रिंग्टन पॅल्स' (१९८१) या नाटकामध्ये भाजीपाल्याचा गाडा लावणारी मे उभी केली. तिला आवडणाऱ्या टॉमची भरती तिला मुळीच पसंत नाही. असा विरोध शेरीफच्या खंदकात ऐकू येत नाही.

शाल्मली:
खंदकात भाजीवाली कुठून आणायची? जोन लिटलवुड यांच्या 'ओ व्हॉट अ लव्हली वॉर' (१९६३) मध्ये मात्र गाणारी नटी प्रेमाचे आमिष दाखवून पोरांना भरतीला बोलावते आणि पुढे मागच्या फलकावर मृतांचे आकडे सरकत राहतात. उत्साह खोटा नव्हता. तो तयार केला जात होता.

गिरणगावकर:
हे मान्य. 'नाटककारांची पळवाट' हे शब्द मागे घेतो. 'रडगाणी' तूर्त राहू द्या.