रिनोव्हेशनवर '५०% सूट' म्हणजे नक्की कशावर?

खिडकीकाठी: किचन, बाथरूम, खिडक्या बदलून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती बघा, 'फक्त या महिन्यात ५०% सूट', आणि पुढच्या महिन्यात परत तीच. टीव्ही-फ्रिजची किंमत चार दुकानांत विचारता येते, पण मापाने बनवलेल्या किचनला छापील किंमत नसतेच, मूळ आकडा कंपनीच ठरवणार आणि त्यावर सूटही तीच देणार. ही सरळसरळ फसवणूक आहे, बंदीच हवी.

रंधा: मी याच धंद्यात आहे. कामं कमी असतात तेव्हा कारागिरांना बसवून पगार द्यावा लागतो, म्हणून तेव्हा आम्ही खरंच रेट उतरवतो. आणि गिऱ्हाईक पहिलं विचारतं काय, डिस्काउंट किती! सरळ रेट सांगितला की ते ४०% वाल्याकडे जातं. टक्के सोडा, शेवटचा आकडा बघा.

मोजपट्टी: @रंधा, शेवटचा आकडा बघून काय कळणार? कोटेशनमध्ये 'मॉड्युलर किचन पॅकेज' एवढंच लिहिलेलं, प्लाय आहे की पार्टिकल बोर्ड, जाडी किती, बिजागऱ्या कसल्या, जुनं तोडून मलबा कोण उचलणार, कशाचा पत्ता नाही, आणि सूट फक्त मटेरियलवर, मजुरी वेगळी हे तळाला बारीक अक्षरात. वर 'आज सही केली तरच हा रेट'. दुसरीकडे चौकशी करायला वेळच मिळू नये म्हणून चाललेलं असतं हे.

कलमदान: बंदीचं म्हणाल तर नियम आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची १९६४ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मूळ किंमत खरोखर बऱ्यापैकी काळ लावलेली असावी. युरोपियन युनियनमध्ये २०२२ पासून सूट दाखवताना साधारणपणे आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत द्यावी लागते, पण तो नियम वस्तूंसाठी, सेवांसाठी नाही. प्रत्येक घराचं माप वेगळं, मग 'आधीची किंमत' सिद्ध कशी करणार? मला तरी बंदी टिकेलसं वाटत नाही.

खिडकीकाठी: बरं, बंदी राहू दे. निदान आयटमवाईज कोटेशन सक्तीचं करा आणि मजुरीसकट एकूण रक्कम जाहिरातीतल्या टक्क्यांइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा.

रंधा: एकूण रक्कम मान्य. पण आयटमवाईज दिलं की लोक आमची मापं, आमचं डिझाइन घेऊन दुसऱ्याकडून काम करून घेतात, त्या मेहनतीचं काय?

मोजपट्टी: मग डिझाइनची फी वेगळी लावा ना, उघडपणे. ती द्यायला माझी ना नाही, खोटी सूट नको.